काळाचौकी ते खारेपाट, व्हाया जिताडा

‘बास’ हा शब्द ऑफिसात दिवसातून किमान चार वेळा आपल्या तोंडी येतो. शुक्रवारी संध्याकाळी सहाला बॉसचा ‘फक्त एक छोटासा चेंज’ असा मेल आला, की तर हमखास! पण अमेरिकेत हाच शब्द ऐकला की लोकांचे डोळे चमकतात. तिथे बास म्हणजे मासा. तळ्यांत आणि नद्यांत राहणारा, गळाला लागला की झुंज देणारा. त्याच्यासाठी टूर्नामेंट भरतात, खास बोटी निघतात, आणि गावोगावी गाईड असतात. हे गाईड तुम्हाला सांगतात की या लेकच्या कुठल्या कोपऱ्यात, नदीच्या कुठल्या वळणावर, सकाळी किती वाजता गळ टाकायचा. 1932 मध्ये जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने जॉर्जिया राज्यातल्या माँटगोमेरी लेकमध्ये 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे साधारण 10 किलोंचा लार्जमाउथ बास पकडला. त्या वजनाची बरोबरी व्हायला 2009 साल उजाडलं. ती झाली जपानच्या बिवा तलावात.

आता खरी गंमत ऐका. या नावाचा एक मासा आपल्याकडेही आहे. इंग्रजीत त्याला ‘एशियन सी बास’ म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामुंडी, बंगालात भेटकी. अमेरिकन बासचा तो सख्खा भाऊ नव्हे, नुसता आडनावबंधू. पण अंगापिंडाने कितीतरी थोराड. ऑस्ट्रेलियातल्या एका तलावात 2010 मध्ये गळाला लागलेला बारामुंडी 44 किलोंच्या वर भरला होता. आणि आपल्या मराठीत त्याचं नाव काय?

जिताडा!

तोच तो, ज्याच्या तुकडीसाठी अलिबागला जाणारी मंडळी हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी फोन करून ठेवतात. आपण त्याला ताटात ओळखतो. पण तो राहतो कुठे, हे विचारलं तर आपली विकेट पडते. मला मात्र हे सांगणारा एक माणूस भेटला, आणि तो अलिबागला नाही, चक्क काळाचौकीत राहतो.

गिरणगावातला गाईड

कॉटन ग्रीन स्टेशनला उतरून दत्ताराम लाड मार्गाकडे चालत निघालं की जुन्या चाळी, अभ्युदय नगरच्या इमारती आणि त्यांच्या डोक्यावरून डोकावणारे नवे टॉवर असा सगळा मिक्स मसाला दिसतो. इथल्याच एका चाळीत आमचा गाईड राहतो. वय 41. सोमवार ते शुक्रवार एका कुरिअरच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर, आणि शनिवार-रविवार जिताड्याचा गाईड. ‘नाव छापू नका, गोडाऊनमध्ये कळलं तर शनिवारची सुट्टी बंद होईल,’ असं त्याने आधीच बजावलंय. म्हणून आपण त्याला दादा म्हणू.

दादाची खोली दहा बाय बाराची. माळ्यावर आठ रॉड, भिंतीवर कॅलेंडर, कॅलेंडरवर पेनाने केलेल्या खुणा. खाली चटईवर त्याचे वडील, म्हणजे काका, तंगुसाचा गुंता सोडवत बसलेले. तंगूस म्हणजे आपली नायलॉनची दोरी. काका इंडिया युनायटेडच्या साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते सव्विशीत होते. संप कधी मागे घेतलाच गेला नाही आणि काकांचा साचाही पुन्हा सुरू झाला नाही.

‘मग काय करणार? शिवडीला जायचो,’ काका सांगतात. ‘हातात दोरी, टोकाला गळ, गळाला कोळंबी. मिळाला मासा तर कालवण, नाही तर भात आणि मीठ.’

दादाला गळ टाकायला शिकवलं ते काकांनी. पण काकांसाठी जे रात्रीचं जेवण होतं, ते दादाच्या गिऱ्हाइकांसाठी ‘वीकएण्ड अ‍ॅक्टिव्हिटी’ आहे. या बापलेकांचं कशावरून वाजतं, ते पुढे येईलच. आधी पाणी बघू.

पाणी नंबर एक : शिवडी

काळाचौकीतून शिवडी बंदराला चालत जेमतेम अर्धा तास. आपल्यापैकी बहुतेकांनी शिवडी पाहिलीय ती फ्लेमिंगोंसाठी, कॅमेरा गळ्यात अडकवून. दादा पक्ष्यांकडे बघत नाही. तो पाण्याच्या रंगाकडे बघतो.

‘ओहोटीला हा सगळा चिखल उघडा पडतो. भरती आली की बारकी बोयटं, कोळंबी या तिवरांच्या मुळांत शिरतात. त्यांच्या मागे शिंगाळा येतो, कधीमधी जिताडा.’

तिवर म्हणजे आपण ज्याला मँग्रोव्ह म्हणतो ते झाड. काकांच्या काळात इथे जिताडा लागायचा. आता दादा इथे गिऱ्हाईक आणत नाही. एक तर बंदराची जमीन, कुठे उभं राहायचं आणि कुठे नाही याचे नियम आहेत. दुसरं म्हणजे पाण्याला तेलाचा वास. ‘इथला मासा मी घरी नेत नाही, मग पब्लिकला कसा देऊ?’ हा त्याचा साधा हिशेब. नवशिक्यांना मात्र तो एकदा तरी शिवडीला आणतो. मासे पकडायला नाही, भरती-ओहोटी वाचायला शिकवायला.

आणि ही शिकवणी भन्नाट आहे. मोबाइल अ‍ॅप वगैरे विसरा. कॅलेंडरवर तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ! अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कृष्ण पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जोरात चढणार आणि जोरात उतरणार. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी सुस्त. कोकणातल्या किनाऱ्यावर हा फॉर्म्युला पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. दादाच्या भिंतीवरच्या पेनाच्या खुणांचं रहस्य हेच!

पाणी नंबर दोन : पवई

‘लेकमध्ये फिशिंग करायचंय’ असा हट्ट धरणारी एक जमात असते. त्यांनी टीव्हीवर अमेरिकन बास पाहिलेला असतो. त्यांच्यासाठी मुंबईतलं पाणी म्हणजे पवई. 1891 मध्ये हा तलाव शहराला पाणी पुरवायला तयार झाला. पण ते पाणी पिण्याच्या लायकीचं ठरलं नाही आणि तलाव मागे पडला. पुढे गळवाल्यांनी त्याला आपलं मानलं. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचा अड्डा याच काठावर आहे. इथे कटला, रोहू असे गोड्या पाण्यातले कार्प मिळतात. असोसिएशनला विचारल्याशिवाय गळ टाकायचा नाही, हे लक्षात ठेवा. आणि पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, हेही. इथे मगरी आहेत, खऱ्याखुऱ्या!

जलपर्णीने पवईचं काय केलंय ते तुम्ही जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पाहिलं असेलच. तलावाकाठी महापालिकेने आखलेला सायकल ट्रॅक मुंबई हायकोर्टाने 2022 मध्ये बेकायदा ठरवला, तेव्हा पर्यावरणवाल्यांनी जल्लोष केला. दादा त्यावर फार बोलत नाही. त्याचं पवईशी एवढंच भांडण आहे की तिथे भरती-ओहोटी नाही. ‘बंद पाणी आहे ते. जिताड्याला बंद पाण्यात जगता येतं, पण संसार करता येत नाही.’

हे वाक्य मी तेव्हा नुसतं लिहून घेतलं. त्याचा अर्थ खाडीपलीकडे गेल्यावर कळला.

पाणी नंबर तीन : उरण

काळाचौकीतून पूर्वेकडे बघितलं की समोरच्या किनाऱ्यावर उरण. 12 जानेवारी 2024 ला दोन गोष्टी एकदम झाल्या. शिवडीहून निघणारा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला आणि त्याच दिवशी लोकल थेट उरणपर्यंत पोचली. म्हणजे दादाच्या घरापासून पुलाचं तोंड हाकेच्या अंतरावर! पण पुलावर टू-व्हीलरला बंदी आहे आणि दादाकडे बाइक आहे. ‘पूल आमच्या दारातून निघतो आणि आम्हाला घेऊन जात नाही,’ असं तो हसत हसत म्हणतो. मग कॉटन ग्रीनहून हार्बर लाइन पकडायची, नेरुळला बदलायचं आणि उरणला उतरायचं. किंवा भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच.

उरणच्या खाड्यांत जिताडा आहे, पण पाण्याचा नकाशा इथे दर काही वर्षांनी बदलतो. 1989 मध्ये न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं, मागून गोदामं आली, रस्ते आले, नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. हे सगळं आपल्याच सोयीसाठी आहे. आपण ऑनलाइन मागवलेला शर्ट याच गोदामांतून येतो. दादा तर कुरिअरच्याच धंद्यात, त्यामुळे तो प्रगतीच्या नावाने बोटं मोडत नाही. तो फक्त एवढंच सांगतो की दहा वर्षांपूर्वी ज्या चार उघाड्यांवर तो गळ टाकायचा, त्यातल्या दोन भरावाखाली गेल्या.

उघाडी म्हणजे काय? समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून खाडीकाठी मातीचे बांध घालतात. त्या बांधात पावसाचं पाणी बाहेर सोडायला झडपेची वाट ठेवतात, ती उघाडी. ओहोटी लागली की आतलं पाणी उघाडीतून धो धो बाहेर येतं आणि त्याच्याबरोबर कोळंबी, बोयटं, बेंडकुळ्या. बाहेर तोंड वासून कोण उभं असतं, हे तुम्ही ओळखलंच असेल. जिताडा पाठलाग करणारा मासा नाही. तो दबा धरतो. म्हणून जिताड्याचा गाईड मासा शोधत नाही, उघाडी शोधतो.

पाणी नंबर चार : खारेपाट

कोजागिरीनंतरच्या शनिवारी आम्ही चौघं दादाबरोबर निघालो. लोअर परळच्या अ‍ॅड एजन्सीतल्या दोघी, बीकेसीतल्या एका बँकेत क्रेडिट कार्डाचं काम बघणारा एक जण आणि मी. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते. 2020 पासून सुरू असलेल्या या बोटीत गाड्याही चढतात आणि दादाची बाइकही. बोटीवर कॉफी, सेल्फी, सीगल… फुल टू पिकनिक मूड.

मांडव्याहून तासाभरात पोयनाडच्या बाजूला खारेपाट लागतो. अलिबाग तालुक्यातला हा खाडीकाठचा सखल पट्टा. याच भागातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध 1933 ते 1939 अशी सहा वर्षं शेती न पिकवता संप केला होता. दादा हे सांगताना गाडी थांबवतो. गिरणगावातला माणूस आहे, संप म्हटलं की थांबतोच.

इथल्या गावांत घराशेजारी तळं दिसतं. आषाढ-श्रावणात खाडीत जिताड्याची पिल्लं येतात. ती पकडून तळ्यात सोडायची, दोन-तीन वर्षं वाढवायची आणि घरात लग्न निघालं, जावई आला की काढायची. सरकारदरबारी अडलेलं काम फाईलने होत नाही, जिताड्याने होतं, असंही इथे गमतीने म्हणतात. आपल्याकडे क्लायंटला दिवाळीत ड्रायफ्रूटचा बॉक्स पाठवतात, तसंच समजा!

पण तळ्यातला जिताडा तळ्यात पिल्लं घालत नाही. दादाचं पवईतलं वाक्य आठवतंय? या माशाची लाइफस्टाइल अजब आहे. मोठे जिताडे पावसाळ्याच्या सुमारास नदीमुखाच्या खाऱ्या पाण्यात अंडी घालतात. पिल्लं भरतीबरोबर खाडीत, तिवरांत, भातखाचरांत शिरतात. तिथून काही नदीत वर, गोड्या पाण्यात जातात आणि मोठी होऊन पुन्हा खाऱ्या पाण्याकडे उतरतात. म्हणजे या एका माशाला समुद्र, खाडी, नदी आणि शेत असं सगळं लागतं. आणि त्यांच्यामधली वाट मोकळी लागते.

ही वाट इथे धरमतरच्या खाडीतून जाते. अंबा नदी पाली, नागोठण्यावरून याच खाडीत उतरते. वरच्या बाजूने पाताळगंगाही याच खाडीकडे येते, आणि तिची गोष्ट तर थेट काळाचौकीपर्यंत पोचते. 1915 मध्ये टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. लोणावळा, वळवण आणि शिरवता तलावांचं पाणी घाटावरून खाली सोडायचं, त्यावर वीज तयार करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, असा तो प्लॅन. टर्बाइन फिरवून झालं की पाणी पाताळगंगेत. त्याच वळवणला पुढे टाटांनी महसीर या माशाची पिल्लं तयार करून देशभरच्या नद्यांना पाठवली. थोडक्यात काय, तर घाटावर महसीर, खाडीत जिताडा आणि मधल्या पाण्यावर आपल्या गिरण्या. गिरण्या गेल्या, पाणी अजून वाहतंय.

‘मासा माझा आहे’

त्या दिवशी द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दीडच्या सुमारास, खाडीत आत अजून थोडी उशिरा. दादाने आम्हाला तीनच्या पुढे उघाडीवर उभं केलं. त्याआधी गावातल्या ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून आला. बांध कुणाच्या तरी कष्टाचा आहे, त्यावर न विचारता चढायचं नाही, हा त्याचा नियम. दुसरा नियम, कोळ्यांचं जाळं लागलेलं असेल तिथून लांब राहायचं. त्यांचं पोट आहे, आपला छंद आहे.

तिसरा नियम गळाचा. गळाच्या टोकाला उलटा काटा असतो, ज्यामुळे मासा सुटत नाही. दादा तो काटा पक्कडीने दाबून सपाट करतो.

‘मग मासा सुटेल ना?’ क्रेडिट कार्डवाल्याने विचारलं.

‘सुटला तर सुटला. सोडायचा असेल तेव्हा सोडता पण आला पाहिजे.’

पहिला एक तास काहीच नाही. नुसता चिखल, डास आणि एजन्सीतल्या दोघींच्या क्लायंटबद्दलच्या शिव्या. साडेचारला पाणी जोरात उतरायला लागलं. धाकटीला सव्वा-दीड किलोचा जिताडा लागला. चंदेरी अंग, खोलगट कपाळ आणि डोळ्यात विस्तवासारखी लालसर चमक! ‘गालाला हात लावू नका,’ दादा ओरडला. जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते. हा मासा पिशवीत गेला.

अर्ध्या तासाने क्रेडिट कार्डवाल्याचा रॉड वाकला. तो एकदम खालच्या पाण्यात ओढला गेला, मग मासा हवेत उसळला, पुन्हा खाली. दहा मिनिटं ही मारामारी. शेवटी दादा गुडघाभर चिखलात उतरला आणि मासा ओल्या फडक्यावर घेऊन आला. काट्यावर टांगला नाही, फडक्यासकट तोलला. सहा किलोंच्या आसपास. फोटो झाले. आणि दादा म्हणाला, ‘आता सोडू या हिला.’

‘हिला? सोडू या?’

इथे जिताड्याची दुसरी अजब गोष्ट सांगायला हवी. जिताडे आधी नर असतात. तीन-चार वर्षांचे झाले की नर म्हणून वयात येतात आणि मग आणखी मोठे झाल्यावर त्यांची मादी होते! साधारण चार किलोंच्या पुढचे बहुतेक जिताडे माद्याच. म्हणजे खाडीतला प्रत्येक मोठा मासा ही कुणाची तरी आई. बारका मासा काढला तर एक मासा कमी होतो. मोठा काढला तर येणाऱ्या पावसाळ्यातली लाखो अंडी जातात. दादाने हे सगळं त्या चिखलात उभं राहून, मासा पाण्यात धरून, तीन वाक्यांत सांगितलं.

क्रेडिट कार्डवाला ऐकायला तयार नव्हता. ‘दादा, मी दोन हजार भरलेत. मासा माझा आहे. आई वाट बघतेय घरी.’

त्याचंही काही चुकत नव्हतं. असा मासा बाजारात घ्यायला गेलं तर खिसा रिकामा होतो. आणि स्वतः पकडलेला मासा आईच्या हातात द्यायचा, ही भावना मराठी घरात कुणाला समजणार नाही? एजन्सीतली थोरली म्हणाली, एवढी एकच तर आहे, नेऊ दे. दुसरी म्हणाली, नको. मी काहीच म्हणाले नाही, मी लिहीत होते.

दादाने एका हाताने मासा धरूनच दुसऱ्या हाताने खिशातून पाकीट काढलं. पाचशेच्या चार नोटा मोजल्या आणि बांधावर ठेवल्या, वर दगड ठेवला. ‘हे तुमचे पैसे. आज तुम्ही माझे पाहुणे. आता मासा माझा.’

मग त्याने मासा प्रवाहाच्या दिशेला तोंड करून धरला. कल्ल्यांतून पाणी जात राहावं म्हणून. एक मिनिट, दोन मिनिटं. मासा आडवा पडत होता. आम्हाला वाटलं, गेला. चौथ्या-पाचव्या मिनिटाला शेपटीचा एक फटका बसला, दादाच्या तोंडावर चिखल उडाला आणि पाणी रिकामं झालं.

परतीच्या बोटीवर क्रेडिट कार्डवाला कुणाशी बोलला नाही. नोटा मात्र त्याने घेतल्या होत्या.

काकांचं म्हणणं

हा किस्सा दुसऱ्या दिवशी काळाचौकीत काकांना सांगितला. ते तंगूस गुंडाळत ऐकत होते.

‘पोट भरलेल्यांचे खेळ आहेत हे,’ ते म्हणाले. ‘हाताला लागलेला मासा पाण्यात टाकायचा आणि वर पैसे द्यायचे! 83 साली असा मासा लागला असता ना, आख्ख्या मजल्याने जेवला असता.’

‘बाबा, 83 साली असे किती लागायचे?’ दादाने विचारलं.

‘लागायचे की. महिन्याला एखादा तरी.’

‘आणि आता शिवडीत?’

काका बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आम्ही खाल्ले म्हणून नाही संपले ते.’

हेही खरंच आहे. काकांच्या दोरीने शिवडीचा जिताडा संपवला नाही. तो गेला गाळाने, तेलाने, भरावाने. दादाने सोडलेली एक मादी धरमतरची खाडी वाचवणार नाही, हेही खरं. पिल्लं यायला तिवरं लागतात, तिवरांपर्यंत भरती यायला लागते. मुंबई हायकोर्टाने 2018 मध्ये तिवरांची तोड हे नागरिकांच्या मूलभूत हक्कांचं उल्लंघन असल्याचं म्हटलं, त्याचा उपयोग बांधावरच्या माणसाने ती राखली तरच. दुसरीकडे चेन्नईच्या ‘सीबा’ या केंद्रीय संस्थेने 1997 मध्ये जिताड्याची पिल्लं बंदिस्त जागेत तयार करून दाखवली. आज सिंधुदुर्गात कांदळवन कक्षाच्या योजनेतून खाडीतल्या पिंजऱ्यांत जिताडा वाढवतात. त्यामुळे ताटातला जिताडा बहुधा टिकेल. प्रश्न आहे तो उघाडीबाहेर दबा धरणाऱ्या जिताड्याचा.

दादाचं गणित साधं आहे. माणशी एक मासा घरी, तोही दोन-अडीच किलोंच्या आतला. अगदी पिल्लू असेल तर सोडायचं, मोठी मादी असेल तर सोडायची. ‘लोकांना सोडलेल्या माशाचा फोटो आवडायला लागला तर माझा धंदा चालेल,’ तो म्हणतो. ‘नाही आवडला तर गोडाऊन आहेच.’ त्या शनिवारी चौघांचे मिळून आठ हजार यायचे, सहा आले. बाइकसकट रो-रोचं तिकीट, पेट्रोल, कोळंबी वजा जाता हातात किती उरले, ते त्याने सांगितलं नाही.

धाकटीने पकडलेल्या जिताड्याचं डोकं तिला नको होतं. ते दादा घरी घेऊन आला होता. काकांनी त्याचं चिंचेचं आंबट कालवण केलं. मला वाढलं, दादाला वाढलं. आणि दादाला म्हणाले, ‘पुढच्या वेळी मलापण ने. बघू तरी, कसा सोडतात मासा.’

तुम्हाला जायचंय?

कधी : पावसाळा ओसरल्यावर, भाद्रपद-आश्विनात बेस्ट. पौर्णिमा किंवा अमावस्येच्या मागे-पुढे तीन दिवस. गळ टाकायची वेळ भरती उलटल्यानंतर, पाणी उतरायला लागल्यावर.

कसं : भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, पुढे गाडीने पोयनाड. उरणसाठी हार्बर लाइनने नेरुळ आणि तिथून उरण लोकल. अटल सेतूवरून जाणार असाल तर चारचाकीच हवी. लाँच आणि रो-रोच्या वेळा हवामानावर बदलतात, आदल्या दिवशी विचारून घ्या.

काय न्याल : जुने बूट (चिखलात चप्पल राहते आणि पाय वर येतो!), पूर्ण बाह्यांचा शर्ट, डासांचं मलम, पाणी, टोपी. गळ काढायला पक्कड, मासा धरायला ओलं फडकं. बोटीत बसणार असाल तर लाइफ जॅकेट मस्ट.

काय नाही करायचं : न विचारता बांधावर किंवा कुणाच्या तळ्याकाठी जायचं नाही. तळ्यातला मासा घरचा असतो, त्यावर गळ टाकणं म्हणजे चोरी. तुटलेला तंगूस पाण्यात टाकायचा नाही, त्यात पक्षी अडकतात. भरती चढत असताना उघाडीच्या खालच्या चिखलात उतरायचं नाही, पाणी मागून कधी येतं ते कळत नाही.

किती आणायचा : एक. आणि वजनकाट्याने चार किलो दाखवले तर फोटो काढा, नीट श्वास घेऊ द्या आणि सोडा. येत्या शनिवारी तिथी कोणती आहे, ते आत्ताच कॅलेंडरवर बघून ठेवा.